मनीषाचा गुडघा

रविवार, संध्याकाळ. पाथरी

अजून डोकं शांत झालेलं नाही. माझ्या भाचीला, मनीषाला, आज बघायला आले होते. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून ती घरी आहे, तर भावजयीने ठरवलं की बास्केटबॉल संपला, आता लग्न उरकून टाकू. संघाने तिची जागा अजून ठेवली आहे, हे कुणी ऐकेल तर!

पोहे झाले आणि मुलाची आई म्हणाली, "जरा चालून दाखव की बाई. पायाचं ऐकलंय आमी."

बाजारातली म्हैस आहे का ती? ओठांवर आलं होतं, पण शाळेत कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी मला शिकवलेली सभ्यता नेमकी अशा वेळी आड येते.

मनीषा उठली. मी फक्त तो गुडघा बघत होते. दारापर्यंत सरळ गेली, गर्रकन वळली, सगळा भार त्याच पायावर. चेहऱ्यावर कळ नाही. परवापर्यंत जिना उतरताना थांबत होती ना? मला केवढं हायसं वाटलं!

"पाय बरा हाय की," बाई खूश. "लग्नानंतर खेळ मात्र बंद."

"काकू, पाय बरा असल्यावर घरी कशाला बसू? उद्याच संघाकडे निघते."

पाहुणे गेले. भावजय रडत बसली. मी उरलेले पोहे दोनदा वाढून घेतले.