कोकोच्या पिंजऱ्याखालचा भुसा

३ जून, मंगळवार

छत्तीस उंदीर आले! बारांना साधं खाणं, बारांना चरबीचं, बारांना चरबी अधिक कोको. बारा आठवडे खाऊ घालायचं, मग लिव्हर काढून बघायचं — चरबी साठली, की कोकोनं वाचवलं. माझ्या पीएचडीचा चार वर्षांचा डोलारा यांच्या पोटावर उभा.

माझे गाइड, सर, आले, फोटो काढला, गेले. पिंजऱ्याला हात लावायची छाती नाही. उंदरांपेक्षा तेच जास्त घाबरलेले.

५ जून

वहिनीचा फोन. "उंदरांना चॉकलेट चारतेस, भाच्यासाठी कधी एक वडी आणली नाहीस!" बिनसाखरेचा कोको कडू जहर असतो, हे तिला कोण सांगणार? भाचा मागून ओरडत होता — "उंदीरआत्या!" शिकवणी घरचीच.

१९ जून, गुरुवार

प्राणिगृहातले काका बावीस वर्षं पिंजरे धुतात आणि खालचा भुसा बदलतात. आज मला अडवून म्हणाले, "बाई, कोकोवाल्यांचं खाणं खाली फार पडतंय. कुरतडतात नि टाकून देतात."

उचलली जीभ लावली टाळ्याला! रोज सकाळी किती घातलं आणि जाळीत किती उरलं, ते मी स्वतः काट्यावर मोजते. वजाबाकी केली की किती खाल्लं ते कळतं. म्हटलं, "काका, तुम्ही भुसा बदला, डोकं मी चालवते." खराटा उचलून चालते झाले. बरं झालं.

८ जुलै

सरांनी कुठल्याशा सभेत ठोकून दिलं — "आमच्या लॅबचा कोको लिव्हर धुऊन काढतो!" अजून एकही उंदीर कापलेला नाही. टाळ्या पडल्या म्हणे. ऐकणारे तरी काय लायकीचे असतील!

१३ ऑगस्ट, बुधवार

वजनं घेतली. कोकोवाले चरबीवाल्यांपेक्षा सरासरी साठ ग्रॅमनी हलके. माझ्या वहीप्रमाणे दोघंही सारखंच खातात. मग हे वाळले कसे?

घरून पिठाची चाळणी आणली. कोकोच्या पिंजऱ्यांखालचा भुसा चाळला. वर तपकिरी चुरा उरला — काट्यावर ठेवला तर उंदरामागे दिवसाला पाच ग्रॅम! चरबीवाल्यांच्या भुशात जेमतेम अर्धा ग्रॅम. म्हणजे वहीत अठरा लिहिलंय, पोटात गेलं तेरा. जाळीत उरलेलं मोजलं, खाली सांडलेलं मोजलंच नाही. दहा आठवडे! रोज! माझ्याच अक्षरात!

काका शेजारच्या खोलीत पिंजरे घासत होते. चाळणी पिशवीत घालून मी मागच्या दारानं बाहेर पडले.

२६ ऑगस्ट

लिव्हर काढले. चरबीवाल्यांचे फिके, फुगलेले, बोटाला ओशट. कोकोवाल्यांचे लालबुंद, नितळ. सर नाचायचेच बाकी होते. "बघितलंस? बघितलंस?"

बघितलं. अर्धपोटी ठेवलं तर कुणाच्याही लिव्हरवर चरबी चढत नाही, त्याला कोको कशाला हवा!

१ सप्टेंबर, सोमवार

सरांना सांगितलं. चुरा मोजलेला कागद पुढे ठेवला. म्हटलं, आणखी बारा उंदीर घेऊ, त्यांना चरबीचंच खाणं पण तेरा ग्रॅमच देऊ, कोको नाही. त्यांचेही लिव्हर साफ निघाले तर कोकोचं काही खरं नाही.

कागद उचललाही नाही. "छापण्याआधी पेपर तपासणाऱ्याला भुसा दिसत नाही गं."

म्हटलं, मला दिसतो ना.

मग आवाज बदलला. "नोंदी कुणाच्या? तुझ्या. चूक कुणाची? तुझी. तसं लिहून दे, मी पुढे पाठवतो. ऑक्टोबरात तुझी पीएचडीची मुदत संपते, वाढवून मिळणार नाही. ठरव काय ते." आणि चष्मा पुसायला लागले.

आयत्या बिळावर नागोबा! बारा आठवड्यांत एक उंदीर हातात धरला नाही, आणि पेपरवर शेवटचं मोठं नाव यांचं. किळस येते. पण एका गोष्टीत खोटं बोलले नाहीत — वही माझीच.

२ सप्टेंबर

गेले नाही. पोट दुखतंय असं कळवलं. दुखत नव्हतं.

४ सप्टेंबर

आईचा फोन. "संपलं का गं एकदाचं? लोक विचारतात, मी काय सांगू?" तिनं कधी लोकांना उलट विचारलं नाही, तुमचं काय चाललंय म्हणून! दादा मधेच म्हणाला, "अगं, उंदरांना जेवढी वर्षं दिलीस तेवढ्यात आमचं घर बांधून झालं." हसले सगळे. मीही हसले. फोन ठेवल्यावर वही काढली, 'अठरा' खोडून 'तेरा' लिहायला पेन उघडलं. एक आकडा खोडला. दुसऱ्याला हात थांबला. पानभर खोडाखोड, आणि खाली सही माझी! मग त्या एका तेराचं पुन्हा अठरा केलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

काल पेपर छापायला गेला. पहिलं नाव माझं.

आज काका भुशाचं पोतं खांद्यावर घेऊन दारात भेटले. "बाई, काय निघालं शेवटी?"

"कोको गुणकारी आहे."

पोतं खाली ठेवलं त्यांनी. "बरं झालं, सुटलात. मग मलाच नीट दिसलं नसेल. डोळे गेले माझे आता."

मी म्हटलं, "असेल."