धुतलेलं ताट

६ एप्रिल, बिरा बंदर

अखेर सासरच्यांनी मला माणसांत घेतलं! मेहुण्यांनी, दाएंग नाब्बांनी, आपल्या यॉटवर आचारी म्हणून बोलावलं. लग्नाच्या जेवणावळींत भात शिजवणारा मी, सांगकला. त्यांच्याकडे आजवर सगळे मला ‘विहिरीतला बेडूक’ म्हणायचे. पाहुण्यांचा हंगाम सुरू होण्याआधी लांबच्या बेटांपाशी नांगर टाकायची जागा पाहून यायचं. आम्ही तिघंच: नाब्बा, सुकाणूवर म्हातारा ला तोंग आणि मी.

बायकोनं, बेस्सेनं, पेटी भरून दिली. त्यात एक नवा पांढरा सदरा, माझ्या दंडातसुद्धा जाईना! सहा वर्षं संसार करून नवऱ्याचं माप कळेना, म्हणून मी चिडवलं, तर बाईसाहेब हसल्याच नाहीत. वेंधळी इतकी, की माझं उष्टं ताटही लगेच घासून टाकलं. शीड दिसेनासं होईपर्यंत आमच्याकडे ताट धूत नाहीत. ते जाणाऱ्याची वाट बघतं. असो, गडबडीत विसरली असेल.

९ एप्रिल

उलट्या थांबल्या. नाब्बा म्हणाले, दाजी, दर्यानं पास केलं बरं का तुम्हाला! केळीच्या पानातला माझा नारळी भात, बुरास, त्यांनी चाटूनपुसून खाल्ला. पुढच्या वेळी नारळ अजून घाला म्हणाले, बासोला तसाच आवडायचा. बासो म्हणजे त्यांचा आणि बेस्सेचा धाकटा भाऊ. आमच्या लग्नाआधी याच बेटांवर पाणी भरायला उतरला तो परत आलाच नाही. बेस्से अजून झोपेत त्याला हाका मारते. नाब्बांचे डोळे भरून आले, माझेही.

११ एप्रिल

बेटं दिसली. हिरवीगार, पण पक्षी एकही नाही. नाब्बांनी चार ताटं वाढायला लावली. चौथं कोणाचं, विचारलं, तर दिवसभर टकळी चालवणारा ला तोंगही उठून सुकाणूकडे गेला.

दुपारी वाळूवर एक पोरगा दिसला. हात हलवत होता. नाब्बा म्हणाले, बेटावर पहिला पाय नव्या माणसाचा, मान आहे तो दाजी. मला मान! बेस्सेला सांगेन तेव्हा तिला खरं वाटणार नाही.

१२ एप्रिल

ला तोंग कानाशी लागला. उतरू नकोस बाबा, म्हणाला, ही बेटं एक घेतल्याशिवाय एक सोडत नाहीत. मी सरळ नाब्बांना विचारलं. ते हसले. म्हातारा चळलाय म्हणे, सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला कोणी दगा देतं का?

खरंच की. मलाच लाज वाटली.

१३ एप्रिल

मी होडीतून उतरलो. तो पोरगा चढला. बासो — सासरच्या भिंतीवरच्या फोटोतला, एका दिवसानंही न वाढलेला. नाब्बांनी त्याला कवटाळलं. माफ करा दाजी, म्हणाले, आणि वल्ही मारली.

मी धावलो. जितका धावतो तितकं पाणी मागे सरकतं —

नंतर

बासो डेकवर उभा आहे. अंगात पांढरा सदरा. बरोब्बर बसलाय.

माप चुकलं नव्हतं. ताटही ती विसरली नव्हती. बेस्से, तू — निदान हसायचं तरी होतंस त्या दिवशी —

शीड अजून दिसतंय

झाडांतून माणसं येताहेत. ओली. सगळी हात हलवताहेत. मी बघत नाही. मी फक्त शीड —

गेलं.

मी हलवत नाहीये. तरी माझा हात —