एका पेटीच्या दोन पेट्या

खोपोली, ता. खालापूर
१८ जानेवारी १९८१

ती. जनाताईस,
येसाजीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. हिरूला दात आले हे वाचून भाच्यापेक्षा भाची बरी असं वाटलं. चावली तरी गोड वाटेल. कारखान्यात माझी पाळी बदलली, त्यामुळे संध्याकाळी कर्जतला ऑर्केस्ट्राच्या तालमीला जाता येतं.

आता खरी बातमी. माझा जुना अ‍ॅम्प्लिफायर गेला. एका लग्नात ऐन गाण्यात त्यातून धूर निघाला. वऱ्हाडी समजले हाही ऑर्केस्ट्राचाच भाग, आणि टाळ्या वाजल्या! ऑर्केस्ट्राचे मालक, नेरळचे अब्दुलभाई, यांनी मुंबईत एका बंद पडणाऱ्या हॉटेलात दोन नग पाहून ठेवलेत आणि पसंती माझ्यावर सोडलीय. एक आहे कॉम्बो, म्हणजे यंत्र आणि स्पीकर एकाच पेटीत. दुसऱ्यात यंत्राची पेटी वेगळी, तिला हेड म्हणतात. स्पीकरची वेगळी, ती कॅबिनेट. मधे वायर. कॉम्बोचा आवाज असा गोल, की माझ्या बास गिटारची जाड तार छेडली की पोटात ऊब येते. पण पेटी आडदांड. दुसऱ्याचा आवाज मोठा, जरा कोरडा.

तुला विचारतोय, कारण मे महिन्यात माथेरानला, तुमच्या बाजारापलीकडच्या हॉटेलात आमचा कार्यक्रम ठरलाय. तू मला स्टेजवर पहिल्यांदा ऐकणार.

आपल्या पोशीरची विहीर आठवते? आपण काठावर पालथे पडून आत ओरडायचो. तू वरच्या पट्टीत, मी खालच्या. तुझा आवाज लगेच विरायचा, माझा तळाशी घुमत राहायचा. मी बासवाला तिथेच झालो बहुतेक.

मालोजी दाजींनाही विचार. तुझी माया आहेच, पत्रही तेवढंच लवकर येऊ दे.

तुझा धाकटा,
येसाजी


माथेरान
३ फेब्रुवारी १९८१

चि. येसाजीस,
जनाचे अ. उ. आ.

मी विचारते कळंबच्या मुलीचं काय ठरलं, आणि तू मला पेट्यांची वर्णनं पाठवतोस. मुलीच्या आईला कळवू का, की आमच्या मुलाला गोल आणि आडदांड आवडतं?

विहिरीचं तू सोयीपुरतं आठवतोस. तू खालच्या पट्टीत ओरडायचास, कारण बाबांना ऐकू जाईल म्हणून भ्यायचास. मार मीच खायची. आता तिथे पंप बसलाय म्हणे. गौराबाई काकू सांगत होती, पोरं काठाकडे फिरकतसुद्धा नाहीत. ऐकून उगाच रुखरुख लागली.

यांना विचारलं. पेटी केवढी, म्हणाले. मी हात पसरून दाखवले. मग म्हणाले, त्याला आवडंल ती घेऊ दे. पण मी म्हणते, दोन पेट्यांची घे. चुली वेगळ्या मांडल्या की सासू-सुना गोडीत राहतात, तसं ते. आणि दस्तुरी नाक्याच्या पुढे इथे मोटार येत नाही, हे विसरू नकोस.

यांची मान दिवाळीपासून धरलीय. सुंठेचा लेप लावते. बाकी ठीक.

जपून राहा, आणि ताईचं एकदा तरी ऐक.

तुझी,
जनाताई


खोपोली
११ मार्च १९८१

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस. कॉम्बोच घेतला.

तुझं पत्र खिशात होतं. दोन पेट्या घ्यायच्या हे ठरवूनच गेलो होतो. आधी त्याच वाजवून पाहिल्या, चांगल्या होत्या. मग कॉम्बोला वायर जोडून एक सूर धरला. ताई, त्या रिकाम्या हॉटेलातल्या कपाटातले ग्लास किणकिणले आणि अब्दुलभाईंनी डोळे मिटले. पुढे काय बोलायचं? टेंपोत चढवताना दोघांच्या तोंडाला फेस आला, तरी कर्जतपर्यंत मी पेटीवर हात ठेवून बसलो होतो.

दाजींना सांग, दस्तुरीला दोन दणकट हमाल ठरवून ठेवा. हंगामात आम्हाला कोण विचारणार, ते त्याच धंद्यातले, त्यांची सगळ्यांशी ओळख. त्यांनी स्वतः फक्त धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसायचं.

कळंबचं जमलं नाही. मुलीला वाजवणारा नको होता.

मेमध्ये भेटूच. तोवर राग उतरलेला असू दे.

तुझा,
येसाजी


माथेरान
२४ मे १९८१

चि. येसाजीस,
आशीर्वाद.

कार्यक्रम छान झाला असं सगळे म्हणतात. मी मागे उभी होते, पण मला काही ऐकू आलं नाही.

तुला कळवू नकोस असं यांनी बजावलंय. तरी कळवते. त्या दिवशी तुम्ही मंडळी गिटारी घेऊन आगगाडीच्या रुळाच्या कडेने पुढे आलात, सामान मागे राहिलं. यांनी ठरवून ठेवलेले दोघे हमाल एका मोठ्या कुटुंबाने आधीच पकडून नेले. हंगाम आहे, त्यांचाही दोष नाही. एक घोडेवाला पेटी बघून म्हणाला, एका अंगाला बांधली तर जनावर लवंडंल. तेव्हा यांनी चुंबळ ठेवली आणि तुझी पेटी आपल्या डोक्यावर घेतली. दस्तुरीपासून हॉटेलच्या मागच्या दारापर्यंत. मधे टेकवली नाही, कारण उतरवली असती तर पुन्हा डोक्यावर द्यायला माणूस नव्हता.

तू धावत आलास आणि पेटीला ओरखडा पडलाय का ते बघितलंस. हे तिथेच दाराआड उभे होते, घाम पुसत.

दुसऱ्या दिवशी उजवा हात वर होईना. कर्जतला डॉक्टरांकडे नेलं. मानेला पट्टा घातलाय. हात सुधारेल म्हणतात, पण डोक्यावर ओझं आता कधीच नाही. लहानपणापासून त्यांनी दुसरं काम केलेलं नाही, येसा.

मी दोन पेट्या म्हटलं ते याचसाठी. उघड लिहू दिलं नाही यांनी. म्हणाले, वाजवताना मेव्हण्याला माझी मान दिसंल, मग त्याचा हात चालंल काय.

मी रागावले आहे. तरी ये. हिरू दाराकडे बोट दाखवून मामा म्हणते.

जना


खोपोली
२१ जून १९८१

ती. ताईस व ती. दाजींस,
येसाजीचा शि. सा. न.

मागच्या रविवारी आलो, तेव्हा दाजींनी मला मानेबद्दल एक शब्द काढू दिला नाही. पोशीरची भाताची रोपं कशी आहेत, हेच विचारत राहिले. म्हणून लिहितो.

ताई, तुझ्या लग्नानंतर मी पहिल्यांदा वर माथेरानला आलो, तेव्हा पायात काटा भरला होता आणि दाजींनी मला खांद्यावर बसवून घरापर्यंत आणलं होतं. जांभळाची पानं माझ्या हाताला लागत होती. मला वाटलं होतं, मोठं होणं म्हणजे असं उंचावरून चालणं. त्या रविवारी घाट उतरताना तेच आठवत होतं.

ताईचं पत्र वाचलं तेव्हाच पेटी विकायचीच असं ठरवलं होतं. अब्दुलभाई म्हणाले, विकलीस तर दुसऱ्या कुणाच्या मानेवर जाईल, एवढंच. मग मीच म्हटलं, कापू या. ते हादरले. असा माल कोणी करवतीखाली घालतं का, म्हणाले. पण शुक्रा सुताराने करवत लावली तेव्हा पेटी घट्ट धरून तेच बसले होते, तोंड फिरवून.

यंत्र बाहेर काढून त्याला सागाची छोटी पेटी केली, वर चामड्याची मूठ. स्पीकरची पेटी बुटकी केली, दोघांना धरता येईल अशा दोन्ही बाजूंना मुठी. आता डोक्यावर काहीच चढवायचं नाही.

खरं सांगतो, आवाज बदलला. पोटातली ती ऊब बरीच गेली. पहिल्या तालमीत मी वाजवायचं थांबून बाहेर जाऊन उभा राहिलो. पण स्पीकरच्या हादऱ्याने यंत्रातले दिव्यांसारखे काचेचे व्हॉल्व्ह किणकिणायचे, तेही थांबलं. सूर स्वच्छ येतो. जुना आवाज कधी आठवतो, पण परत हवा असं वाटत नाही.

दिवाळीत पुन्हा तुमच्याकडे कार्यक्रम आहे. सामान आम्ही वाजवणारेच उचलू. दाजींनी यायचं ते पाहुणे म्हणून. याल ना?

तुमच्या पायांशी,
येसाजी


माथेरान
५ नोव्हेंबर १९८१

चि. येसाजीस,
जनाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

चकल्यांचा डबा विसरून गेलास. हिरूने निम्मा संपवला, उरलेला मी.

यांना हॉटेलवाल्यांनी फाटकावर ठेवून घेतलंय. आधी बसून बसून चिडचिडले, आता येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटा सांगतात आणि खूश असतात. हात खांद्याच्या वर जात नाही, पण हिरूला उचलतात.

कार्यक्रमाच्या दिवशी नको नको म्हणताना दस्तुरीला गेले. तुझ्याशी हेडच्या मुठीवरून झटापट केली म्हणे, आणि शेवटी तू गिटार हातात दिलीस तेव्हा ऐकले. ट्रम्पेटवाला आणि अब्दुलभाई कॅबिनेट धरून धापा टाकत होते, आणि हे पुढे गिटार कुशीत घेऊन चालत होते. हिला वजनच नाय, असं वाटेत भेटेल त्याला सांगत होते.

हॉटेलच्या हिरवळीवर हे इतकी वर्षं सामान घेऊनच गेलेत, मागच्या दाराने. या वेळी पहिल्यांदा खुर्चीत बसले. पाठ टेकत नव्हते, मीच ओढून टेकवली. मग तू सुरुवात केलीस. बाकीचं सगळं मला कळत होतं, बाजाची पेटी, ट्रम्पेट, गाणारी बाई. तुझं कुठलं ते कळेना. यांनी माझा हात धरून खुर्चीच्या दांडीवर ठेवला. लाकूड थरथरत होतं. यो बघ आपला येसा, म्हणाले.

गाणं संपेपर्यंत हात तिथेच होता. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाले, लय जड आवाज हाय गं त्याचा, पण उचलावा लागत नाय.

तुला हे सांगायचं राहून गेलं होतं, म्हणून लगेच लिहिलं. येत राहा, वाजवत राहा, आम्ही आहोत.

तुझी,
जनाताई