बुढीमायचा ऑफ

भिलाई, सेक्टर एक
ता. ११ फेब्रुवारी १९६२

मथुराबाईले भावजय पंचफुलाचा मनापासून जय भीम.

आमी इकडं खुशाल आहो. तुमी तुमसरात बऱ्या असाल. हे पत्र माझी सून जया लिहून राहिली. तिले सांगून ठेवलं, मी बोलते तसंच लिही, शाळेतली भाषा घातली तर नणदबाईले वाटंल सरकारी कागद आला.

थंडी अजून गेली नाई. अंगणात वांगे लागले, लहान आहेत पण गोड आहेत. माझा गुडघा दुखते, पण तो तर रोजचाच रडका.

मागच्या पत्रात मी तुमाले म्हणलं, आता येऊ नका, पोट्टे घाबरतील. तुमची माय मेली, तार पोचेपर्यंत माती झाली, अन् वरून भावजय म्हणते येऊ नका. तुमाले राग आलाच असंल. तर आता सारं ऐका.

माझ्या तेजरामचे पोट्टे, शालू अन् फकिरा, तिले बुढीमाय म्हणत, तुमाले माहीतच आहे. ती गेली त्या दिवशी तेजरामच्या संगं काम करणारे टिकारामभाऊ दारात आले अन् तोंड पाडून म्हणे, "बुढी ऑफ झाली म्हणते." आता इथं प्लांटात हप्त्यातून एक दिवस सुट्टी भेटते, तिले ऑफ म्हणतात. त्या दिवशी तेजराम पोरांले खांद्यावर बसवून बाजारात नेते, जिलेबी चारते. अन् माणूस मेलं तरी लोक तेच म्हणतात, ऑफ झालं. शालूले एकच ऑफ माहीत. ती लाइनीतल्या साऱ्या क्वार्टरांपुढून नाचत गेली, "आमच्या बुढीमायचा ऑफ आहे!" मयतीले आलेल्या बायांनी पदर तोंडाले लावले. रडत होत्या का हसत होत्या, कोणाले समजलं नाई.

दुसऱ्या दिवशी दोघं बहीणभाऊ धुतलेले कपडे घालून पायरीवर बसले, बुढीमाय बाजारात नेईल म्हणून. शेजारच्या मास्टरीणबाईनं समजावलं, "भगवान के घर गई." शालू म्हणे, "कौन से सेक्टर में?" बाई घरात गेली. प्लांटाचा भोंगा वाजला का फकिरा विचारे, "बुढीमायचा ऑफ सरला?"

मी बी सोपं तेच धरलं. म्हणलं, हो बेटा, तिचा ऑफ लय मोठा आहे, ती आता येत नाई. मले वाटलं, झालं काम.

कशाचं काम झालं. परवा जेवता जेवता तेजराम म्हणे, "उद्या माझा ऑफ." शालूच्या हातचा घास खाली पडला. सकाळी उठून पाहतो तर पोट्टी बापाचे बूट ओढत आणून राहिली. म्हणे, "बाबा, ड्युटीले जा. ऑफ नको घेऊ." पायाले अशी चिपकली का सोडंच ना. फकिराले काई समजलं नाई, पण बहीण रडते म्हणून त्यानंबी सूर लावला. तेजराम माझ्याकडं पाहे, मी जयाकडं. जया म्हणे, "आई, तुमीच सांगतलं, तुमीच निस्तरा." हे बी लिही वं, लाजू नको.

मंग दोघांले घेऊन मी अंगणात बसली. म्हणलं, दिवाळीत आपल्या कोंबडीचं पिल्लू मेलं होतं, आठवते? शालू म्हणे, "हो. थंडं झालं होतं. फुकलं तरी उठलं नाई." म्हणलं, बुढीमाय तशी मेली. ऑफ नाई, मेली. बाबाचा ऑफ सरते अन् बाबा ड्युटीले जाते, सांजेले घरी येते. मेलेलं माणूस येत नाई. तिले भूक लागत नाई, थंडी वाजत नाई, माती टाकली तरी दुखत नाई.

शालू उठून अंगणातल्या गोंद्याच्या पिवळ्या फुलांपाशी गेली. मंग म्हणे, "पिल्लावर गोंदा लावला होता, तिच्यावरबी लावू." फकिराची चिंता वेगळीच. बोरातल्या बिया त्याले बुढीमाय काढून द्यायची. "आता कोण काढंल?" मी म्हणलं, मी काढीन. "तू हळू काढते," म्हणे. घ्या, सासू गेली तरी मले नाव ठेवणारं घरात आहेच.

मंग शालूनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "आजी, तू रडून राहिली." मथुराबाई, मेली हा शब्द तोवर मी तोंडातून काढलाच नव्हता. गेली म्हणलं, सुटली म्हणलं, ऑफ झाली म्हणलं. पोरांले समजावता समजावता मलेच समजलं.

चहाले जरा उशीर झाला का माय ओरडे, "कावून वं पंचफुला, हात गोठले का?" लग्न झालं तेव्हापासून ऐकून कान किटले होते. तुमचे भाऊ गेले तरी तिनं ते सोडलं नाई, म्हणून तर मी उठून कामाले लागली. आता चहा येळेवर होते अन् कोणी बोलत नाई. काल फकिरा कप घेऊन चुलीपाशी उभा राहिला अन् म्हणे, "कावून वं पंचफुला?" जया मारायले धावली. मी म्हणलं, बोलू दे त्याले.

तर आता तुमी या. तुमचं नाक मायचं, चाल मायची, आवाजबी तोच, म्हणून पोट्टे घाबरतील असं लिहिलं होतं. पोट्ट्यांले काई होत नाई. शालू म्हणते, "बुढीमायची पोरगी आहे ती, मले माहीत आहे." भेव मलेच होतं. दारात तुमचं तोंड पाहिलं असतं तर मी पायरीवरच बसली असती.

पुढच्या शनिवारी दुर्गले उतरा, तेजराम घ्यायले येईल. त्या दिवशी त्याचा ऑफ आहे अन् शालू त्याले येऊ देणार आहे. लाखोरीची डाळ आणा. चहा मी मुद्दाम उशिरा टाकीन. दारातूनच मले एकदा बोला, मायच्या आवाजात.

बोलणी खायले बसलेली,
तुमची भावजय
पंचफुला