सहाव्या नळीवरचा डाग

दि. ९ जानेवारी, मंगळवार

ती. आत्यास,

नमस्कार. पुढे 'साष्टांग' लिहिणार होते, पण तू म्हणायचीस, "साष्टांग मी रोज गाडीखाली घालते, तू कागदावर घालू नकोस," म्हणून एवढाच.

इकडे सगळे ठीक आहेत. तूही बरी असशील. आईचा गुडघा परत दुखतोय. तिने जिना चढायचा सोडला आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंशी खिडकीतूनच बोलायला लागली, त्यामुळे आमच्याकडे काय शिजलं, कोण रुसलं, हे आता सगळ्या बिल्डिंगला कळतं. बाबांना नवा चष्मा लागलाय. त्यांना तो मान्य नाही. पाना डोळ्यांसमोर धरतात आणि म्हणतात, "हल्ली आकडेच पुसट छापतात." गॅरेजात नवी लिफ्ट आली. गाडी वर नेताना जुनीसारखी कण्हत नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

डेपोतल्या बसगाड्या कशा आहेत? दर रविवारी फोन करते, पण फोनवर मी 'जेवलीस का'च्या पुढे जातच नाही. तू "हो" म्हणतेस, मी "काय जेवलीस" विचारते, आणि फोन संपतो. म्हणून पत्र. पत्रात मधेच तुझा आवाज येत नाही, त्यामुळे धीर राहतो.

बातमी अशी, की दातांच्या डॉक्टरांची लाल गाडी परत आलीय. दोन वर्षांपूर्वी आपण जिला हेडर बसवले, तीच. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही मूळचं लोखंड परत लावून दिलंत तेव्हापासून गाडी नाक चोंदल्यासारखी बोलते. माझे हेडर तुमच्याकडेच आहेत ना? ते परत चढवा." आणि दाराशी गेल्यावर वळून म्हणाले, "फक्त त्या बाईंचा हात नको."

बाबा म्हणाले, "त्या इथे नाहीत आता."

मी तिथेच उभी होते. हातात फडकं होतं. मी त्याची घडी घातली.

जेवताना आईने विचारलं, हे हेडर म्हणजे नक्की काय. इतकी वर्षं या घरात काढून तिने पहिल्यांदाच विचारलं. मी सांगितलं, की मूळच्या गाडीत सहाही सिलिंडरचा धूर एकाच आखूड नळकांड्यातून ढकलाढकली करत बाहेर पडतो. हेडर लावले की प्रत्येकाला आपापली लांब नळी, आणि पुढे गेल्यावर सगळे गुण्यागोविंदाने एकत्र. आई म्हणाली, "मग या घरालाही बसवा." बाबा हसले नाहीत. तू गेल्यापासून ते जेवताना फारसे बोलत नाहीत.

काम त्यांनी मला दिलंय. एकटीला. आणि सकाळी एक खोकं माझ्या हातात ठेवलं, त्यात हिरवं पेन. म्हणाले, "आता तुझा रंग." मी सात वर्षांची असल्यापासून या दिवसाची वाट बघत होते, हे तुला माहीत आहे. बोल्ट मापात आवळला की डोक्यावरून खालच्या पट्टीवर रेघ. ज्याचा रंग, त्याची जबाबदारी. बाबांची पांढरी, तुझी पिवळी. मला रंग नव्हता, मी तुझ्या पिवळ्याखाली शिकत होते. आता हिरवं पेन हातात आल्यावर मी "बरं" म्हणाले आणि खोकं कपाटात ठेवलं.

जुनं लोखंड उतरवलं. तू शिकवलंस तसंच: आदल्या दिवशी गंजाचं तेल मारून ठेवलं, सकाळी प्रत्येक बोल्ट आधी थोडा आवळला, मग सोडला. एकही तुटला नाही. मी तीनदा मोजले, बारा होते. मग माळ्यावरून हेडरचं पोतं खाली काढलं. बाबांनी दोन वर्षांपूर्वी बांधलेली गाठ तशीच होती, कापावी लागली. नळ्या धुतल्या, घासल्या. छान आहेत. तापून सोनेरी, मधेच निळ्या झाल्यात. एका नळीवर एक डाग आहे, तो निघत नाही. बाकी ठीक.

आई जेवायला बोलावतेय. उरलेलं नंतर.

दि. ११ जानेवारी, गुरुवार

आत्या, मंगळवारचं पत्र टाकलं नाही. 'बाकी ठीक' असं लिहून उठले आणि ताटावर बसल्यावर घास फिरत राहिला. बाकी ठीक नाही. आता क्रमाने लिहिते. मधे थांबले तर परत सुरू होणार नाही.

हेडर बसवल्यावर, पहिल्यांदा इंजिन तापवायच्या आधी, प्रत्येक नळी स्पिरिटने पुसायची असते. का, ते तूच सांगितलं होतंस. बोटांचं तेल राहिलं तर उष्णतेने ते धातूत भाजलं जातं आणि जन्मभर तिथेच राहतं. त्या वेळी मी सहाही नळ्या पुसल्या होत्या, दोनदा. मग तू इंजिन तापवलंस. रात्रभर गाडी थंड झाली. सकाळी तू मला म्हणालीस, "बाराही परत एकदा फिरव. पान्याचा आवाज ऐक, मग रेघ मार." आणि तू पलीकडच्या गाडीखाली गेलीस.

मापाला पोचलं की पाना 'कट्' करतो, तो अकरा बोल्टांचा मी ऐकला. बारावा म्हणजे सगळ्यात मागचा, स्टिअरिंगच्या दांड्याच्या आड. तिथे मापाचा पाना जाईना. मी डाव्या हाताने सहावी नळी धरली आणि साध्या पान्याने जोर लावला. काहीतरी हललं. बोल्ट असेल किंवा माझं मनगट. मला शंका आली. तू मला 'शंकाबाई' म्हणायचीस. लोकांना वाटेल, तेवढी एकदाच तिला शंका आली नाही. तसं नव्हतं. आली होती. मी तुला हाक मारायला वळलेसुद्धा होते.

पण त्या सकाळी मी आधीच इतकं विचारलं होतं, की बाबा म्हणाले होते, "तू बोल्ट आवळतेस की त्यांची मुलाखत घेतेस?" तूही हसली होतीस. प्रेमाने हसलीस, मला कळत होतं. तरी आणखी एक प्रश्न विचारायची लाज वाटली. मी रेघ मारली. तुझ्या रंगाची.

पुढचं तुला माहीत आहे. रविवारी डॉक्टर रेसच्या ट्रॅकवर गेले, आठव्या फेरीला मागच्या नळीच्या सांध्यातलं गॅस्केट फुटलं, गरम धुराने वायरी पेटल्या. त्यांनी बोनेट उघडलं तेव्हा भुवया गेल्या. आल्यात आता, पण एकसारख्या नाहीत. डॉक्टर समोर उभे असले की मी त्यांच्या भुवयांकडे बघत नाही, इतकी बघत नाही की त्यांना कळत असणार.

गाडी ओढून आणली त्या संध्याकाळी तू टॉर्च घेऊन बोनेटमधे वाकलीस. मागून बाबा ओरडत होते, "तिथे पिवळी रेघ आहे की नाही, तेवढं सांग." तू बराच वेळ वाकलेली होतीस. मग टॉर्च बंद केलास आणि म्हणालीस, "आहे. रेघ माझीच आहे."

थोरल्या बहिणीला, गिऱ्हाइकासमोर, बाबा म्हणाले, "मग आजपासून या गॅरेजात पिवळी रेघ दिसता कामा नये." तू पेन बाकावर ठेवलंस, हात धुतलेस, नखंसुद्धा नीट घासलीस, आणि गेलीस. मी त्या दिवशीही फडकं धरून उभी होते.

तो जो डाग म्हणाले, तो सहाव्या नळीवर आहे, बाराव्या बोल्टापासून वीतभर अंतरावर. अंगठा आहे. तपकिरी, अगदी छापल्यासारखा, आणि त्याच्या मधून एक तिरकी रेघ गेलीय. माझ्या डाव्या अंगठ्यावर पत्र्याने कापल्याची जी खूण आहे, ती.

मंगळवारी तो दिसल्यावर मी काय केलं तेही लिहायला हवं. हे लिहिणार नव्हते. बाबा चहाला गेले तेव्हा मी बारीक पॉलिश पेपर घेऊन तो घासत बसले. अर्धा तास. आजूबाजूचा सोनेरी रंग गेला, अंगठा तसाच राहिला. मग मला माझीच किळस आली आणि मी थांबले. आणि तेव्हा तुझा टॉर्च आठवला. त्याचा उजेड सहाव्या नळीवर होता. तू उगाच एवढा वेळ वाकून राहणाऱ्यातली नाहीस. रेघ मारायला तूच सांगितलं होतंस; पण बाराव्याला मी नळी धरून साधा पाना लावला, हे आत्या, तू त्या अंगठ्यावरून पाहिलं होतंस का? आज मला राहून राहून तेच वाटतंय. तू रविवारी "हो, जेवले" म्हणतेस तेव्हाही तुला माहीत असतं का?

आज सकाळी बाबांना सांगितलं. आधी सगळं तोंडाने सांगणार होते, पाठ केलं होतं. पण ते समोर आल्यावर नुसतं म्हणाले, "बाबा, चष्मा लावा आणि इकडे या."

ते वाकले. चष्मा वर केला, खाली केला. मग माझा डावा हात ओढला आणि अंगठा त्या डागाशेजारी धरला.

"सात वर्षांची होतीस," ते म्हणाले. "पट्टी मी बांधली होती."

"बाराव्याचा आवाज मी ऐकला नव्हता. रेघ मीच मारली."

"बाराव्याचं तिला माहीत होतं?"

"मी सांगितलं नाही. दोन वर्षं झाली."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसले आणि कापलेल्या पोत्याकडे बघत राहिले. "त्याच संध्याकाळी काढून पोत्यात घातले," ते म्हणाले. "रागाने. उजेडात धरून बघितलेही नाहीत. मी रंग बघितला, हात बघितलाच नाही." मग म्हणाले, "त्या सकाळी मी तुला काहीतरी बोललो होतो. मुलाखत का काहीतरी."

"त्याचं काही नाही, बाबा."

"कसं नाही? विचारणाऱ्याला हसलं की पुढच्या वेळी तो गप्प बसतो. चूक तुझी आहे, ती तू घे. पण ती सगळी तुला मिळणार नाही."

मग त्यांनी डॉक्टरांना फोन करून बोलावलं. मी म्हटलं, दवाखाना संपल्यावर बोलवा. ते म्हणाले, "आत्ताच." डॉक्टर तोंडावरचा मास्क गळ्यात अडकवूनच आले. बाबा सरळ म्हणाले, "बाईंची चूक नव्हती. बोल्ट माझ्या मुलीने सैल ठेवला आणि मी न बघता बाईंना घालवलं."

डॉक्टरांनी भुवईला हात लावला. मग माझ्याकडे बघितलं. "आणि आता हीच बसवणार?"

"हो. आणि त्या तपासणार."

"म्हणजे येताहेत त्या?"

"विचारलं नाही अजून," बाबा म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, "मग तोवर मी रिक्षाने फिरतो." दारातून परत वळले आणि मला म्हणाले, "लोक माझ्याकडे दात दुखत नाही म्हणून खोटं बोलतात, महिनोन्‌महिने. शेवटी तोंड सुजतं तेव्हा येतात." ते रागावून म्हणाले की कसं, मला कळलं नाही. मी "हो" म्हणाले.

दुपारी हेडर चढवले. नवं गॅस्केट, बाराही बोल्ट आधी हाताने, मग मधल्यांपासून बाहेर, तीन फेऱ्यांत. बाराव्यासाठी बाबांनी एक पाना तापवून वाकवून दिला, मापाच्या पान्याच्या टोकाला बसेल असा. तो दोन वर्षांपूर्वीही करता आला असता, मी विचारलं असतं तर. मग नळ्या स्पिरिटने पुसल्या, चारदा. अंगठा काही जात नाही. बाबा म्हणाले, "राहू दे तो. नवा उठू देऊ नकोस, म्हणजे झालं."

इंजिन सुरू केलं तेव्हा तुझी आठवण आली. गाडीचा आवाज मोकळा झालाय. आई खिडकीत आली आणि म्हणाली, "हिची सर्दी गेली वाटतं."

आता ती थंड होतेय. उद्या सकाळी बोल्ट परत फिरवीन. अकरांवर रेघ मारीन, हिरवी. बारावा मी आवळीन, आवाज ऐकीन, बाबांना ऐकवीन, आणि तसाच ठेवीन. त्यावर कुणी रेघ मारायची, यावर आमचं दोघांचं एकमत आहे. तुझं पेन बाकाच्या खणात आहे. आज काढून बघितलं, सुकलंय. बाबा नवं घेऊन आले.

तू ये, असं लिहायचा मला हक्क नाही. तुला तिकडे काम आहे, माणसं आहेत, आणि माझ्यासाठी तू दोन वर्षं जे सोसलंस त्यावर आणखी एक मागणं नको. नाही आलीस तरी मला ते बरोबरच वाटेल. तू चुकली नव्हतीस हे आता इथे सगळ्यांना माहीत आहे, एवढं तुला कळावं म्हणून हे पत्र. आईने ते खिडकीतून वरच्या काकूंनाही सांगितलंय, म्हणजे बिल्डिंगला कळलंच.

बाबाही लिहायला बसले होते. अर्धा तास बसले, मधे दोनदा चष्मा पुसला. तो कागद याच पाकिटात घालतेय. वर 'ताई' लिहिलंय. खाली काही नाही. मी विचारलं, पुढे? ते म्हणाले, "ती वाचेल."

शेवटी सहीसाठी खिशात हात घातला तर हिरवं पेन निघालं. ते परत ठेवलं, आणि खाली डावा अंगठा उठवलाय, इंजिनाच्या तेलाचा. शिकूनसवरून अंगठा, असं तू म्हणशील. मधली तिरकी रेघ दिसतेय ना, बघ. माझाच आहे.

तुझ्या रंगाखाली शिकलेली,
शंकाबाई