यंदाची बाटली

१२ डिसेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र पोचलं. बाबा ठणठणीत आहेत, मी बरी आहे, आणि स्वयंपाकघरातला मोठा ओव्हन नेहमीसारखा ऐन थंडीत रुसून बसलाय. तुझ्या त्या गोदामात ऊब तरी आहे का? खोलीची खिडकी दुरुस्त करून घेतलीस? मागच्या पत्रात तिच्यातून वारा येतो म्हणून तक्रार होती, या पत्रात तिचं नावच नाही. या पत्रात सगळ्या वाइनच. अर्थात विचारलं मीच होतं.

तर आधी बातमी. आपल्या हॉटेलचा थंडीचा मेन्यू जोरात चाललाय. मंद आचेवर शिजवलेल्या मटणाबरोबर तू सांगितलेली दणकट लाल वाइन, मशरूमच्या दाट सूपबरोबर ती हलकी, मातकट वासाची. चीज घालून भाजलेल्या बटाट्यांबरोबरही मी लालच ठेवणार होते. पण तू लिहिलंस, "मिरचे, चीजवर जड वाइन म्हणजे गादीवर गादी. तोंड धुऊन काढणारी आंबटसर पांढरी दे." दिली. लोक बोटं चाटतात आणि पुन्हा ग्लास पुढे करतात. एरवी कुणी वाइनचं विचारलं की मला घाम फुटायचा. आता अशी ऐटीत सांगते, जणू जन्मल्यापासून हेच करत आलेय.

बाबांना तुझं पत्र मीच वाचून दाखवलं. मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षर लागत नाही. तू गेल्यापासून त्यांनी तुझं नाव टाकलं होतं. "डॉक्टरांनी दारू सोडायला सांगितली, घर नाही," एवढंच म्हणायचे. चारी बाजूंनी बाटल्या असलेल्या घरात तू ती कशी सोडणार होतास, हे त्यांना कधी पटलंच नाही. पण परवा ते पळी हातात घेऊन बाहेर आले आणि एका टेबलापाशी उभे राहून सांगू लागले, "ही माझ्या मुलाची निवड. तो इथे नसला तरी जीभ त्याचीच." दादा, मला रडू आलं. त्यासाठीच तर तुला विचारलं होतं. वाइन कुठलीही चालली असती, तुमचा अबोला सुटायला हवा होता. वाटलं, आठवणीतून चार नावं लिहून पाठवशील. कागदावरच्या नावांनी काय होणार आहे!

मटणाच्या वाइनखाली तू लिहिलंस, "यंदाची मागच्या वर्षीपेक्षा तुरट आहे. वाढायच्या आधी तासभर उघडून ठेव, मग मऊ होते." मी तशीच ठेवते. खरंच तुरट आहे आणि खरंच मऊ होते.

सोमवारी वाइनवाला पेट्या घेऊन आला, तेव्हा मी फुशारकीने त्याला हे सांगितलं.

तो म्हणाला, "यंदाची? ती तर आत्ता कुठे बाजारात आलीय, ताई. भाऊंनी चाखली कधी?"

मी हसले. दुसरं काय करणार? पावतीवर सही केली आणि आत जाऊन कांदे चिरायला घेतले.

तू तर प्रत्येक पत्रात लिहितोस, मार्चपासून थेंबाला शिवलो नाही म्हणून. कुणीतरी सांगितलं असेल तुला. कुठे छापून आलं असेल. पूर्वी व्यापारी आले की नुसती चाखून थुंकायचास, तसं केलं असशील. मी स्वतःला रोज एक नवं कारण देते आणि एकही संध्याकाळपर्यंत टिकत नाही. तासाभराने ती कशी लागते हे सांगायला बाटलीपाशी तासभर बसावं लागतं, दादा.

तुला मी बसवलं का? की तू आधीच बसला होतास? दोन्हींपैकी काय खरं असलेलं बरं, तेही मला ठरवता येत नाही.

ती वाइन मेन्यूवरून काढावी तर बाबा का म्हणून विचारतील. ठेवावी तर रोज संध्याकाळी मीच ती उघडते आणि येता-जाता तिच्याकडे बघत राहते. त्यात काल बाबांनी फर्मान काढलंय, "त्याला लिही, पुरे झाला रुसवा. काउंटर तुझाच आहे, ये." या निरोपाची तू किती वाट पाहिलीस ते मला ठाऊक आहे. आणि त्या काउंटरमागे बाटल्यांची भिंत आहे, तीही तुला ठाऊक आहे. ये म्हणू की येऊ नको म्हणू? तिथे तुझ्याकडे बघणारं कुणी नाही. इथे मी आहे, पण मी बघण्यापलीकडे काय करणार? आधी तरी काय करू शकले?

मी रागावलेली नाही. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. मला भीती वाटते.

वाइनबद्दल आता काही लिहू नकोस. बाबा मागतील, तरी नको. मी त्यांना काहीतरी सांगेन.

उत्तर मात्र लवकर लिही, आणि दोन कागदांवर लिही. एक बाबांना वाचून दाखवता येईल असा. आणि एक खरा.

दुसऱ्या कागदाची वाट बघणारी,
तुझी मिरची