समिधाच्या नऊ गोष्टी

३ मार्च, सोमवार

कॉम्प्युटर फोडून टाकीन एक दिवस! समिधाची गोष्ट ऐन रंगात — उंदीर बिळातून डोकावतोय — आणि वर पाटी. "मुदत संपली. नवीन घ्या." आवाज बंद. मैना रडते. चार वर्षांची पोर, आईचा आवाज ऐकल्याशिवाय दुपारी डोळा लावत नाही. सून माझी दवाखान्यात जायच्या आधी तिच्यासाठी नऊ गोष्टी भरून गेली. तीन महिने झाले तिला जाऊन.

४ मार्च

मैनाच्या बापाला, देवेशला, कुंभिवलीला फोन. कंपनीत पाळीवर होता, तरी उचलला.

"आई, ते गोष्टींचं मशीन दुकानातूनच आत भरून आलंय गं. आपण नाय टाकलं, थोडे दिवसच फुकट चालतं ते. आणखी पण फालतू हाय त्यात. शनिवारी येतो, मी काढतो."

शनिवार! तोवर पोरीला रडू द्यायचं?

६ मार्च

पुन्हा पाटी. मीच बसले. चौथी शिकले म्हणून काय झालं, समिधानं सगळं मराठीत करून ठेवलंय. देवेश फोनवर सांगत गेला. पत्त्यांचा खेळ गेला. हवामान गेलं — माझं हवामान मला अंगणात दिसतं! मग गोष्टींचं मशीन.

"थांब आई, आधी गोष्टी बाहेर काढ, मग ते काढ —" तेवढ्यात साहेबानं हाक मारली, त्यानं फोन ठेवला.

नावावर दाबलं तर कॉम्प्युटरनंच विचारलं, "साठवलेल्या नोंदीही काढायच्या?" म्हटलं, शहाणा आहे. होय दाबलं.

८ मार्च

देवेश आला. अख्खी दुपार शोधत होता. मग खुर्ची मागे सारली.

"तिथं काढणं म्हणजे पुसणं गं, आई."

मला काय ठाऊक! आम्ही फोटो काढतो. कपाटातून साडी काढतो. काढलेलं हातात येतं!

"तुझ्या मोबाइलात असतील ना रं?"

"फोटो हायेत. आवाज नाय."

ओरड तरी म्हटलं मला. नाही ओरडला. ताट तसंच सारून उठला.

९ मार्च

कॉम्प्युटर एकदम झटपट चालतो आता. मेला.

१४ मार्च

मीच गोष्ट सांगायला बसले. मैनानं माझ्या तोंडावर हात ठेवला. "तू नको, आजी." आणि सांगणार तरी काय! नऊतली एकही मला धड येत नाही. समिधाचा आवाज चालू झाला की मी भांडी घासायला जायचे.

६ एप्रिल

जेवताना मैनानं माझा पदर ओढला. "आई, पानी दे."

देवेश समोर होता. त्याच्याकडे न बघता मी ओ दिली.